हाड सांधले, पण माणूस उभा राहिला काय?

‘पुनर्वसन’ हा शब्द कानी पडला की आपल्या कृष्णाकाठच्या आणि सीमाभागाच्या माणसाच्या डोळ्यांपुढे धरण उभे राहते. पाण्याखाली गेलेले गाव, नव्या जागी टाकलेली घरे, मोजून दिलेली जमीन, असे चित्र मनात येते. परंतु या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे आणि आज मी त्याविषयी आपणांशी बोलणार आहे. आजाराने, अपघाताने अथवा युद्धातील जखमेने ज्याचे शरीर पूर्वीसारखे राहिले नाही, त्या माणसाला त्याच्या घरात, त्याच्या कामात आणि चारचौघांत पुन्हा नेऊन बसविणे, यालाही पुनर्वसनच म्हणतात. धरणग्रस्ताच्या बाबतीत माणूस तोच असतो, गाव बदललेले असते. येथे गाव तेच असते, माणूस बदललेला असतो.

समजा, आमच्या बोरगावातील एखादा ऊसतोड करणारा मजूर मोळी घेऊन फळीवर चढताना घसरला आणि त्याचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर झाले, दीड-दोन महिन्यांनी ते निघाले. क्ष-किरणाच्या चित्रात हाड उत्तम सांधलेले दिसते. डॉक्टर समाधानाने म्हणतात, ‘झाले तुमचे काम.’ पण त्या मजुराचा गुडघा वाकत नाही, मांडी निम्मी झाली आहे आणि पाय टेकताच तो कळवळतो. हाडाच्या दृष्टीने तो बरा झाला. फडाच्या दृष्टीने मात्र तो अजून आजारीच आहे. या दोन टोकांमधले जे अंतर आहे ते ओलांडावयास शिकविणे, हेच पुनर्वसनशास्त्राचे काम होय.

हे अंतर पडते कशामुळे? आपल्याकडे आजाऱ्याला ‘हलू नकोस, पडून राहा’ असे सांगण्याची रीत आहे. त्यामागे माया असते, यात शंका नाही. काही दिवस विश्रांती आवश्यकही असते. तथापि स्नायू हा वापरावर जगणारा अवयव आहे. धडधाकट माणसालाही पूर्णपणे अंथरुणावर झोपवून ठेवले, तर त्याच्या पायांची शक्ती प्रारंभी दिवसाला सुमारे १ टक्का या गतीने घटू लागते. सांध्याभोवतीचे आवरण आखडते, हाडातील चुना कमी होतो, छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात. म्हणजे मूळ आजार एक आणि अंथरुणाने दिलेला दुसरा, असे दोन आजार त्या माणसाच्या वाट्याला येतात.

या दुसऱ्या आजाराशी झुंज देणारे दोन व्यवसाय आहेत. पहिला भौतिकोपचार, ज्याला आपण सर्वजण फिजिओथेरपी म्हणतो. स्नायू, सांधे, श्वास, तोल आणि चाल हा त्याचा प्रांत. दुसरा व्यवसायोपचार. परत आलेली हालचाल रोजच्या कामात कशी आणावी, म्हणजे जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, कमावणे पुन्हा कसे साधावे, हे तो पाहतो. ही दोन भावंडेच आहेत आणि आपल्या देशात त्यांचे शिक्षण प्रथम एकाच आवारात सुरू झाले. ते आवार म्हणजे मुंबईतील परळचे के. ई. एम. रुग्णालय.

या आरंभाशी ज्या बाईंचे नाव जोडलेले आहे, त्या जन्माने अमेरिकन होत्या. १९०० साली जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या विष्णुपंत निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० साली हिंदुस्थानात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. येथे त्यांनी प्रथम शिक्षणाच्या क्षेत्रात काम केले. पुढे, अपंगांसाठी आपल्याकडे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेले कोणी नाही हे जाणवल्यावर, चाळिशी उलटलेल्या या बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकेतील फिलाडेल्फियात त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. परत येऊन १९५० साली त्यांनी के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशिया खंडातील ही अशी पहिली शाळा. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जागतिक संघटना निघाली, तेव्हा तिच्या १० संस्थापक देशांत भारताचे नाव होते. १९५८ मध्ये नागपुरास दुसरी शाळा निघाली. आशियातील पुनर्वसनाच्या कार्याला वाहिलेले एक नियतकालिकही कमलाबाईंनी चालविले. १९७९ साली त्यांचे निधन झाले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभारलेल्या मराठी शाळेला ‘कमला निंबकर बालभवन’ हे नाव आहे. शिक्षकाच्या पेशातील माणसाला ही गोष्ट विशेष वाटते; कारण कमलाबाईंनी स्वतः किती रुग्णांवर उपचार केले याहून त्यांनी उपचार शिकविणारी परंपरा निर्माण केली, हे त्यांचे मोठे काम होय. एक उपचारक एका वेळी एकच हात हाती घेऊ शकतो. एक शाळा हजारो हात तयार करते.

व्यवसायोपचाराच्या शाळेमागोमाग दोन-तीन वर्षांतच त्याच रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळाही निघाली. मुंबई महानगरपालिका, भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना या तिघांनी मिळून ती उभी केली. तो काळ पोलिओचा होता. ताप येऊन गेला की लहान मुलाचा पाय लुळा पडे आणि आईबाप दैवाला दोष देत बसत. १९५५ मध्ये मुंबईतच हाजी अली येथे अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुण्यात तर दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालीच सुरू झाले होते. अशा रीतीने ज्या विद्येची मुळे परदेशात होती, तिचे रोप महाराष्ट्रात लागले.

आता ही विद्या चालते कशी, हे थोडे पाहू. लोकांची एक समजूत आहे की फिजिओथेरपी म्हणजे मालीश आणि शेक. शेकाचा उपयोग आहेच. पण तो चुलीतल्या जाळासारखा, म्हणजे स्वयंपाकाची तयारी. खरा स्वयंपाक पुढेच असतो. या शास्त्राचा पाया आहे मोजमाप. स्नायूची शक्ती ० ते ५ अशा गुणांनी मोजतात. स्नायू मुळीच आकसत नसेल तर ०. नुसती थरथर जाणवली तर १. अंथरुणावर हात आडवा सरकतो, पण उचलला जात नाही, तर २. स्वतःचे वजन पेलून हात वर उचलला जातो, तर ३. वरून थोडा दाब दिला तरी तो टिकतो, तर ४. आणि पुरती शक्ती असेल तर ५. ही पद्धत इतकी साधी आहे की तिला बोटांवाचून दुसरे साधन लागत नाही आणि इतकी उपयुक्त आहे की आजही जगभर ती वापरतात. घरच्या माणसांना पंधरा दिवसांत ‘काहीच फरक नाही’ असे वाटते, तेव्हा १ चे २ झाल्याचे उपचारकाला दिसलेले असते. कित्येक रुग्ण नेमक्या अशा वेळी, वाट अर्धी झाली असताना, उपचार सोडून देतात.

सांध्याचे माप कोनाने घेतात. शाळेतल्या कंपासपेटीतील कोनमापकाचाच मोठा भाऊ त्यासाठी असतो. सपाट रस्त्याने चालताना आपला गुडघा सुमारे ६० अंश वाकतो. जिना चढा-उतरावयास ९० अंशांच्या आसपास वाकावा लागतो. खुर्चीवरून उठण्यास त्याहून थोडा अधिक. पण जमिनीवर मांडी घालावयाची तर ११० अंशांच्या पुष्कळ पुढे जावे लागते आणि उकिडवे बसावयाचे तर १३० अंशही पुरत नाहीत.

श्रोतेहो, आजच्या माझ्या बोलण्याचा गाभा या आकड्यांत आहे. खुर्ची, मेज आणि उंच शौचकूप यांच्या जगात राहणाऱ्या माणसाचा गुडघा १०० अंश वाकू लागला, तर त्याचे बहुतेक व्यवहार चालतात. कागदावर तो बरा झाला. परंतु निपाणीतील विडी कामगार बाईचा विचार करा. सूप मांडीवर घेऊन ती दिवसाचे कित्येक तास जमिनीवर बसते. वखारीत तंबाखू निवडणारीचे, शेतात खुरपणी करणारीचे आणि चुलीपुढे भाकरी थापणारीचेही तसेच. या बायांना १०० अंश म्हणजे काम बंद. तेव्हा सांधा किती वाकतो हे माप यंत्र सांगेल. पण किती वाकला म्हणजे पुरे, हे त्या माणसाचे जीवनच सांगते. म्हणून चांगला उपचारक पहिल्या दिवशी गुडघ्याला हात लावण्यापूर्वी विचारतो, ‘बाई, तुम्ही काम काय करता?’

विडी वळण्याचेच काम घ्या. ओलसर पान पत्र्याच्या मापाने कातरताना अंगठ्याचा जोर लागतो. तंबाखू भरून पान वळताना दोन्ही हातांच्या बोटांची टोके एकमेकांशी बोलावी लागतात. तोंड मुडपताना एका बोटाचे टोक नेमके चालावे लागते आणि दोरा गुंडाळताना मनगट सैल असावे लागते. पक्षाघाताने हात दुबळा झालेल्या बाईला नुसता रबरी चेंडू दाबावयास दिला, तर मूठ बळकट होईल. पण विडी वळली जाणार नाही. कामाचे असे तुकडे पाडून, सोप्याकडून अवघडाकडे नेत, प्रत्येक तुकडा पुन्हा शिकविणे ही व्यवसायोपचाराची युक्ती आहे. आम्ही मुलांना मुळाक्षरे शिकवितो त्याहून ती फार निराळी नाही. आणि विडी वळणे यापुढे त्या शरीराला झेपणारे नाही असे दिसले, तर दुसरे कोणते काम झेपेल हे शोधणे हेही त्याच युक्तीत येते.

हा विचार डावलला म्हणजे काय होते, याचे उदाहरण कृत्रिम पायाच्या इतिहासात आहे. परदेशी धर्तीचा जुना कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी बनविलेला असे. तो घालून उकिडवे बसता येत नसे, चिखलात उतरता येत नसे, अनवाणी देवळात किंवा घरात वावरता येत नसे. पाय मिळालेले शेतकरी तो खुंटीला टांगून पुन्हा कुबड्या घेत. जयपूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि शालेय शिक्षण फारसे न लाभलेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० नंतरच्या दशकात रबराचा निराळा पाय घडविला. तो दिसतो पावलासारखा, वाकतो सर्व दिशांनी आणि चिखलपाण्याला भीत नाही. ‘जयपूर फूट’ म्हणून तो जगात गाजला आणि डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पायाचे मोठेपण त्यातील रबरापेक्षा, तो कोणत्या जमिनीवर चालणार आहे, या आधी विचारलेल्या प्रश्नात आहे.

आज या क्षेत्रात यंत्रे पुष्कळ आली आहेत आणि त्यांचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत रुग्णाच्या अंगावर चकाकणारे ठिपके चिकटवून त्याला चालावयास सांगतात. सभोवतालचे कॅमेरे त्या ठिपक्यांचा माग ठेवतात, जमिनीत बसविलेली पाटी पावलाचा दाब नोंदविते आणि संगणक त्या चालीचे गणित मांडतो. निरोगी माणसाच्या एका पावलापासून त्याच पावलापर्यंतच्या फेऱ्यात सुमारे ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. लंगडणारा माणूस दुखऱ्या पायावर हा वेळ चोरतो. ही चोरी आपल्या डोळ्यांना अंदाजाने दिसते. यंत्र ती सेकंदाच्या शतांशात पकडते. खेळाडूचा गुडघा का दुखावतो, मेंदूच्या पक्षाघाताने पीडलेल्या मुलाच्या कोणत्या स्नायूवर शस्त्रक्रिया करावी, असे प्रश्न सोडविण्यास या विद्येचे मोठे साहाय्य होते. मानवी कार्यक्षमतेचे तंत्रज्ञान म्हणतात ते हेच. आजचा भौतिकोपचाराचा प्राध्यापक रुग्ण, विद्यार्थी आणि अभियंता या तिघांच्या मध्ये उभा असतो.

मेंदूविषयीचे ज्ञानही वाढले आहे. पक्षाघातानंतर गेलेला हात गेलाच, अशी पूर्वी समजूत असे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी एक उलटा विचार मांडला. रुग्णाचा चांगला हात पिशवीत बांधून ठेवावा, म्हणजे दुबळ्या हाताला काम करावेच लागेल. २००६ साली २२२ रुग्णांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन आठवडे असा सराव केलेल्यांचा हात इतरांपेक्षा अधिक सुधारला होता आणि ती सुधारणा वर्षभर टिकली. अर्थात हा उपाय ज्यांच्या मनगटात व बोटांत थोडी तरी हालचाल उरली आहे अशांसाठीच आहे आणि तो जाणकाराच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो. मेंदू वापराने नवी वाट पाडतो, हे मात्र त्यातून दिसले. तथापि घाईदेखील घातकच. २०१५ साली २,१०४ रुग्णांवरील एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठविणे व चालविणे लाभाचे ठरत नाही. केव्हा हलवावे आणि किती, हे ठरविणे म्हणूनच शिकलेल्या माणसाचे काम आहे.

या विद्येने माणूस कोठवर जाऊ शकतो? इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी कणा दुखावलेल्या सैनिकांना खाटेवरून उठवून खेळावयास लावले. २९ जुलै १९४८ रोजी तेथे १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. त्या लहानशा रोपट्याचा पुढे पॅरालिंपिक हा महावृक्ष झाला. त्या वृक्षाचे पहिले भारतीय सुवर्णफळ आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील माणसाने आणले. पेठ-इस्लामपूर भागात १९४४ साली जन्मलेले मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहण्यास आरंभ केला. पाण्यात शरीराचे वजन हलके होते आणि दुबळ्या स्नायूलाही काम करता येते, हे त्यामागचे शास्त्र. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. देशाने त्यांना २०१८ साली पद्मश्री दिली. पदक आणि पुरस्कार यांत ४६ वर्षांचे अंतर पडले, हीदेखील विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

सर्वांनाच पदक मिळवावयाचे नसते. बहुतेकांना आपल्या पायांनी नाहीतर चाकांनी घराबाहेर पडता आले, तरी पुष्कळ असते. त्याचा धडा आपल्याला कोल्हापुरातच मिळतो. तरुणपणीच ज्यांचे पाय अर्धांगाने गेले त्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये तेथे ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. अपंग मुलांसाठी वसतिगृह, शिक्षण आणि रोजगार असे तिचे काम वाढत गेले. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन अनेकांनी वाचले असेल. उपचारकाचे काम जेथे थांबते, तेथून समाजाचे काम सुरू होते, हे त्यांच्या कार्याने दाखविले. रुग्णाला चाकाची खुर्ची वापरावयास शिकविले. पण शाळेला, बँकेला आणि पंचायतीच्या कचेरीला तीन पायऱ्याच असतील, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय? त्या वेळी अपंगत्व माणसात नसून पायऱ्यांत असते.

आता आपल्या भागाविषयी दोन शब्द. आमच्याकडे ऊस, तंबाखू, विडी आणि पलीकडे इचलकरंजीचे यंत्रमाग. ही सारी कामे शरीर झिजविणारी. बेळगावात भौतिकोपचाराचे उच्च शिक्षण देणारे महाविद्यालय आहे; कोल्हापूर, सांगलीही दूर नाहीत. तरीही खेड्यातील रुग्ण प्लास्टर निघाले की घरी परततो आणि पुढचे काम तेल लावणाऱ्यावर सोपवितो. रोज मोटारभाडे भरून जाणे त्याला परवडत नाही, हे खरे. पण पंधरा दिवसांतून एकदा जाऊन, व्यायाम नीट समजून घेऊन, ते घरी नेमाने करणे बहुतेकांना शक्य आहे. त्यासाठी घरातले एक माणूस त्याच्याबरोबर जावे आणि त्यानेही ते व्यायाम शिकावे. उपचारकानेही रुग्णाच्या भाषेत बोलावे. या सीमेवर एका घरात मराठी आणि शेजारच्या घरात कानडी बोलतात. ‘गुडघा ताठ करून पाच अंक मोजा’ हे वाक्य ज्याला आपल्या बोलीत कळले, तोच ते घरी करील.

उपचार कोणाकडून घ्यावा, याचीही चौकशी करावी. या विद्येची पदवी मिळविण्यास बारावीनंतर साडेचार ते पाच वर्षे लागतात आणि २०२१ साली संसदेने केलेल्या कायद्याने या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे. दारावर पाटी आहे एवढ्यावर विसंबू नये. शिक्षण विचारण्यात संकोच कसला?

शेवटची विनंती आमच्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना. शास्त्र शाखेकडे जाणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर अथवा इंजिनिअर एवढीच दोन नावे ठाऊक असतात. शरीराचे शास्त्र, यंत्राचे गणित आणि शिकविण्याची चिकाटी या तिन्हींची आवड असणाऱ्यासाठी ही तिसरी वाट आहे. तिच्यात एका दिवसाचा चमत्कार नाही. १ चे २ आणि २ चे ३ करीत जाण्याचे ते काम आहे. परंतु ज्या दिवशी एखादी बाई पुन्हा मांडी घालून आपल्या सुपापुढे बसते आणि संध्याकाळी स्वतःच्या कमाईचे पैसे मोजते, त्या दिवशी तिचे पुनर्वसन झाले असे म्हणावे. ते माप कोणत्याही यंत्रावर उमटत नाही. पण सगळी मापे घ्यावयाची ती त्याच्याचसाठी.